हार्ड डिस्कमधली गाणी, विमानतळावरची तपासणी आणि कॉपीराइटचा कायदा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी आयुष्यभर जमवलेले संगीत आपल्या मुलाने संगणकावर उतरवून दोन टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कमध्ये भरले आहे. त्यात विकत घेतलेल्या रेकॉर्ड, कॅसेट आणि सीडींच्या नकला आहेत, पुणे आकाशवाणीवरून टेप केलेले कार्यक्रम आहेत, वडिलांनी स्वतः केलेली बैठकांची आणि महोत्सवांची ध्वनिमुद्रणे आहेत, आणि मोबाइलच्या दुकानातून भरून घेतलेली चित्रपटगीतेही आहेत. ही डिस्क घेऊन आपण सदाशिव पेठेतून मुंबईमार्गे म्युनिकला मुलीकडे आणि पुढे अमेरिकेत भावाकडे जाणार आहात. शिवाय तिथल्या मराठी मंडळींना दिवाळीत देण्यासाठी याच संगीताचे वीस पेन ड्राइव्ह, काही जुन्या तबकड्या आणि वडिलांच्या गुरुजींच्या हस्ताक्षरातल्या बंदिशींच्या वह्याही सोबत आहेत. सुरक्षा तपासणीत हे पकडले जाईल का, क्ष-किरणांनी डिस्क खराब होईल का आणि निघण्यापूर्वी गाणी पुसून टाकावीत का, असे आपण विचारले आहे.

मोबाइलच्या दुकानातून भरून घेतलेली गाणी सोडली, तर डिस्कमधले काहीही पुसू नका. एक ओळखीची व्यक्ती अशाच भीतीने घरातली दुर्मीळ ध्वनिमुद्रणे नष्ट करायला निघाली होती, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच हे सर्वांत आधी सांगतो. कॉपीराइटचे खटले चालवताना माझे एक मत पक्के झाले आहे. सुरक्षा तपासणीच्या ज्या टेबलाची लोकांना भीती वाटते, त्या टेबलाशी या कायद्याचा फारसा संबंध नसतो. खरा प्रश्न, स्वतःसाठी केलेली नकल दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा सुरू होतो. त्यामुळे आपल्या सामानातल्या वस्तूंपैकी मला काळजी वाटते ती हार्ड डिस्कची नाही, तर पेन ड्राइव्हची आणि बंदिशींच्या वह्यांची.

प्रथम सुरक्षा तपासणीविषयी. मुंबई आणि पुणे या दोन्ही विमानतळांवर प्रवाशांची तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात, आणि तीही नागरी विमान वाहतूक सुरक्षेसाठी ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे. त्यांना शस्त्र, स्फोटक, ज्वालाग्राही पदार्थ, धोकादायक बॅटरी शोधायची असते. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर हार्ड डिस्कचा आकार, तिच्यातला धातू आणि तिची घनता दिसते; तिच्यात भूप आहे की भैरवी, ती विकतची आहे की उतरवलेली, हे कोणत्याही यंत्राला दिसत नाही. डिस्क जोडून आतल्या फायली वाचणे हे त्या टेबलावरचे कामच नव्हे. आपल्याला लॅपटॉप आणि मोठी विद्युत उपकरणे ट्रेमध्ये वेगळी ठेवायला सांगतील. डिस्क टेबलावर ठेवण्याच्या मोठ्या प्रकारची असेल आणि तिच्याबरोबर अडॅप्टर व तारा गुंडाळलेल्या असतील, तर पडद्यावर तो गुंता संशयास्पद दिसू शकतो आणि बॅग उघडायला सांगू शकतात. तारा वेगळ्या पिशवीत ठेवल्या की बहुतेक वेळा तेवढाही प्रसंग येत नाही.

डिस्क चेक-इनच्या सामानात मात्र टाकू नये. त्याचे कारण कायद्याचे नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कला आपटण्याचा धोका असतो आणि सामान हरवले तर वडिलांचे सगळे काम हरवेल. एक पूर्ण प्रत पुण्याच्या घरी ठेवल्याशिवाय निघू नका. पॉवर बँक असेल तर तीही हातातल्या बॅगेतच असावी लागते. सुट्ट्या लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाहीत.

क्ष-किरणांविषयीची भीती जुनी आहे आणि ती फोटोच्या फिल्मवरून आली असावी. न धुतलेली फिल्म प्रकाशाला आणि क्ष-किरणांना संवेदनशील असते, त्यामुळे ती खरोखरच खराब होऊ शकते. चुंबकीय टेप, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा सीडी यांच्यावरची नोंद मात्र सामान तपासणीच्या क्ष-किरणांनी पुसली जात नाही. टेपचा शत्रू चुंबकीय क्षेत्र आहे, आणि त्याहूनही मोठे शत्रू उष्णता आणि दमट हवा. मूळ स्पूल टेप न्यायच्या असतील तर त्यांच्याशेजारी स्पीकर, चुंबकाच्या खटक्याची पर्स किंवा चुंबक असलेले मोबाइलचे कव्हर ठेवू नये. जुन्या लाखेच्या तबकड्यांमध्ये खनिजांची पूड मिसळलेली असते. त्यांची चवड यंत्रात गडद दिसू शकते. त्या हाताच्या सामानात, प्रत्येक दोन तबकड्यांमध्ये पुठ्ठा घालून, आणि सहज उघडून दाखवता येतील अशा ठेवाव्यात.

आता कायद्याकडे वळतो. आपल्या डिस्कमध्ये चार वेगळ्या प्रकारचे संगीत आहे आणि चारही प्रकारांना एकच उत्तर लागू होत नाही.

विकत घेतलेल्या रेकॉर्ड, कॅसेट आणि सीडी आपण स्वतःच्या ऐकण्यासाठी उतरवल्या, हा भाग सर्वांत सोपा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संशोधनासह खासगी किंवा व्यक्तिगत उपयोगासाठी केलेल्या उचित वापराला हक्कभंग मानत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ही सवलत संगणक प्रणाली वगळता सर्व प्रकारच्या कृतींना, म्हणजे ध्वनिमुद्रणांनाही मिळाली आणि अशा उपयोगासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हेही त्यात आले. ही सवलत ‘उचित’ या शब्दावर उभी आहे, त्यामुळे तिची नेमकी सीमा शेवटी न्यायालयच ठरवू शकते. तरीही पदरचे पैसे देऊन घेतलेली, आता मिळेनाशी झालेली कॅसेट कुटुंबाने ऐकण्यासाठी डिस्कवर उतरवणे या सवलतीत बसते, असे सांगायला मला संकोच वाटत नाही. मूळ कॅसेट आणि सीडी टाकून देऊ नका, एवढेच सांगेन. नकल कशावरून केली याचा त्याच्याइतका सरळ पुरावा दुसरा नाही.

आकाशवाणीवरून टेप केलेल्या कार्यक्रमांबाबत प्रसारणसंस्थेचा वेगळा हक्क असतो आणि त्याची मुदत २५ वर्षे आहे. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. वडिलांनी सत्तरच्या दशकात टेप केलेल्या कार्यक्रमांवरचा प्रसारणाचा हक्क कधीच संपला आहे. मात्र त्या कार्यक्रमात गायलेल्या गीताचे शब्द आणि चाल यांवरचा हक्क स्वतंत्रपणे चालू असू शकतो, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

एका गाण्यावर किमान तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क, ते प्रकाशित झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे १९६० साली बाजारात आलेल्या तबकडीचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. शब्दांचा आणि चालीचा हक्क मात्र कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली वारले, त्यामुळे त्यांच्या नाट्यपदांचे शब्द २००८ नंतर सर्वांसाठी खुले झाले. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत राहील. सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क २०६२ पर्यंत. म्हणजे १९६० ची त्या दोघांची एखादी तबकडी ध्वनिमुद्रण म्हणून खुली झाली असली, तरी गीत म्हणून ती खुली नाही. घरी ऐकण्याला याने काही बाधा येत नाही, पण वाटण्याला आणि सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याला येते.

बैठकांची ध्वनिमुद्रणे हा आपल्या डिस्कमधला सर्वांत मोलाचा भाग आहे. १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने आणि त्याच्याआधीपासून चालत आलेल्या वाड्यांमधल्या बैठकांनी या शहराला रात्र रात्र ऐकायची सवय लावली. त्यातले पुष्कळ गाणे कोणत्याही कंपनीने काढले नाही. कोणीतरी आपल्या टेप रेकॉर्डरसमोर बसून राहिला म्हणूनच ते आज ऐकता येते. त्या काळी अनेक गायक ध्वनिमुद्रणाला परवानगी देताना ‘स्वतःपुरते ठेवा’ असे बजावत असत, आणि हा शब्द पाळणे मी कायद्याइतकेच महत्त्वाचे मानतो. कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १९९९ मध्ये त्याची मुदत २५ वर्षांवरून ५० वर्षे झाली. त्याच कायद्याचे कलम ३९, ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या केवळ स्वतःच्या उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला सूट देते. वडिलांची ध्वनिमुद्रणे आपल्याकडे वारशाने आली आहेत आणि आपण ती कुटुंबात ऐकता आहात, तोवर त्यांच्याकडे बोट दाखवायला कोणाला कारण नाही. ती बाहेर द्यायची असतील, तर कलाकाराच्या किंवा त्याच्या वारसांच्या लेखी संमतीशिवाय देऊ नयेत.

राहिली मोबाइलच्या दुकानातून भरून घेतलेली गाणी. दुकानदाराने पैसे घेऊन, परवाना नसताना मेमरी कार्डात गाणी भरून दिली असतील, तर त्या नकला मुळातच बेकायदा आहेत आणि ‘आम्ही फक्त घरी ऐकतो’ हे उत्तर त्यांच्या बाबतीत फार लुळे पडते. ही गाणी डिस्कमध्ये नेण्याची गरजच नाही, कारण ती बहुधा सगळी अधिकृत सेवांवर ऐकायला मिळतात. पुसण्याऐवजी ती डिस्कवरून काढून घरच्या संगणकावर ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. हा एक गठ्ठा ठेवण्यासारखाच नाही.

सरहद्दीवर कस्टम्सचे अधिकारी गाणी तपासतात, ही समजूत कुठून आली तेही सांगतो, कारण ती निव्वळ कल्पना नाही. २००८ च्या सुमारास काही देशांमध्ये बनावट मालाविरुद्धच्या एका कराराच्या वाटाघाटी गुप्तपणे चालल्या होत्या आणि त्याचे मसुदे फुटल्यावर प्रवाशांचे आयपॉड आणि लॅपटॉप विमानतळावर चाळले जातील अशा बातम्या जगभर पसरल्या. अॅक्टा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या करारावर २०११ मध्ये सह्या झाल्या, पण त्याच्या अंतिम मसुद्यातच प्रवाशांच्या सामानातला थोडा, व्यापारी नसलेला माल वगळण्याची मुभा होती, आणि ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने तो करार ३९ विरुद्ध ४७८ मतांनी फेटाळला. भारत त्यात नव्हताच. जागतिक व्यापार संघटनेच्या, बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स कराराचे कलम ६० प्रवाशाच्या व्यक्तिगत सामानातल्या अशा किरकोळ मालाला वगळण्याची मुभा सदस्य देशांना देते. आपल्याकडे आयात मालातील बौद्धिक संपदेच्या संरक्षणाचे २००७ चे नियम हीच सूट देतात, आणि कॉपीराइट कायद्याचे कलम ५१ कोणत्याही कृतीची एक प्रत खासगी, घरगुती उपयोगासाठी भारतात आणण्याला हक्कभंग मानत नाही. युरोपीय संघाचा २०१३ चा नियमही प्रवाशांच्या सामानातला व्यापारी नसलेला माल स्पष्टपणे बाहेर ठेवतो. जर्मनीत खासगी नकलेला कायद्यातच जागा आहे. उघडपणे बेकायदा असलेल्या स्रोतावरून केलेली नकल मात्र तिच्यात बसत नाही, हेही दुकानातली गाणी सोबत न नेण्याचे एक कारण.

अमेरिकेचे दोन मुद्दे वेगळे आहेत. तिथला कॉपीराइट कायदा, बाहेरून येणाऱ्या प्रवाशाच्या व्यक्तिगत सामानातल्या, वाटपासाठी नसलेल्या प्रतींना आयातीच्या बंदीतून वगळतो. पण तिथल्या सीमा अधिकाऱ्यांना प्रवाशाचे फोन, लॅपटॉप आणि डिस्क उघडून पाहण्याचा अधिकार आहे आणि ते पासवर्डही विचारू शकतात. हे थोड्याच प्रवाशांच्या वाट्याला येते आणि त्यामागचे कारण सहसा गाणी नसतात. विचारले तर खरे आणि थोडक्यात सांगावे: वडिलांचा संग्रह आहे, कुटुंबात ऐकण्यासाठी आहे. नकार दिला तर उपकरण ठेवून घेतले जाऊ शकते आणि अमेरिकेचा नागरिक नसलेल्याला प्रवेश नाकारलाही जाऊ शकतो. दुसरा मुद्दा मुदतीचा. १९६० ची जी तबकडी भारतात ध्वनिमुद्रण म्हणून खुली झाली, तिच्यासारख्या, १९५७ ते फेब्रुवारी १९७२ या काळातल्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्याने १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण दिले आहे. युरोपीय संघात १९६३ पासून प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांसाठी ही मुदत साधारणपणे प्रकाशनापासून ७० वर्षे आहे. ‘आपल्याकडे खुले आहे’ म्हणून भावाने ते तिथून इंटरनेटवर चढवू नये.

आता पेन ड्राइव्ह. एकसारखे वीस पेन ड्राइव्ह, प्रत्येकात तेच संगीत, ही गोष्ट म्युनिकच्या कस्टम्सला व्यक्तिगत सामान वाटेलच असे नाही, आणि खरे सांगायचे तर ती व्यक्तिगत नाहीही. वर सांगितलेल्या सगळ्या सवलती ‘स्वतःसाठी’ आणि ‘वाटपासाठी नव्हे’ या दोन अटींवर उभ्या आहेत. वीस जणांना देण्यासाठी प्रती केल्या की दोन्ही अटी मोडतात, मग आपण एक पैसाही घेतला नाही तरी. भारतात जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण गुन्हा नाहीसा होत नाही. आपल्यावर असा खटला होईल असे मला वाटत नाही. तरीही प्रेमाने केलेल्या कामात ज्या गायकांवर आपले प्रेम आहे त्यांचाच हक्क डावलला जावा, हे मला पटत नाही.

मग दिवाळीत लोकांना ते संगीत ऐकवायचे कसे? मुलीच्या घरी पाच-दहा परिचितांना बोलावून ऐकवा. ती बैठक खासगी आहे. सभागृह घेऊन, जाहिरात करून कार्यक्रम करायचा असेल, तर जर्मनीत गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या गेमा या संस्थेची परवानगी घ्यावी लागते. सार्वजनिक कार्यक्रमात वाजलेले संगीत गेमाच्या अखत्यारीतले आहे असेच तिथली न्यायालये प्रथमदर्शनी धरतात, आणि तसे नसल्याचे दाखवण्याची जबाबदारी आयोजकावर येते. म्हणून परवानगीचे काम आयोजकांनी कार्यक्रमाच्या पुष्कळ आधी हाती घ्यावे. मंडळींना भेट द्यायचीच असेल, तर आज बाजारात मिळणाऱ्या अधिकृत सीडी किंवा रेकॉर्ड न्या. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला जर्मनीत ४३० युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त नेता येतात.

शेवटी तबकड्या आणि वह्या, ज्यांच्याविषयी आपण जाता जाता लिहिले आहे, पण ज्यांच्यावरून विमानतळावर खरोखर अडवले जाऊ शकते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे, १०० वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्व असलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांचीच आहे. भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात सुरू झाले आणि गायिका गौहर जान त्या पहिल्या कलाकारांपैकी एक होत्या. त्या पहिल्या दोन दशकांतली एखादी तबकडी आपल्याकडे असेल तर ती या व्याख्येत येऊ शकते. गुरुजींच्या वह्या १९५० पूर्वीच्या असतील तर त्या नक्कीच विचारात घ्याव्या लागतील. कॉपीराइटचा प्रश्न इथे येतच नाही. मूळ वस्तू देशाबाहेर जाण्याचा येतो. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र निघण्यापूर्वी घ्यावे. वेळ नसेल तर वह्या पुण्यातच ठेवून त्यांची छायाचित्रे डिस्कमध्ये न्यावीत.

गाण्यांसाठी कोणतेही सरकारी प्रमाणपत्र लागत नाही आणि नोटरीकडून काही करून घेण्याचीही गरज नाही. मात्र डिस्कमध्येच एक साधी यादी ठेवा: कोणते ध्वनिमुद्रण, कोणी गायले, कुठे आणि कधी झाले, कशावरून उतरवले, मूळ प्रत कोणाकडे आहे, आणि कलाकाराने काही अट घातली होती का. वडिलांच्या टेपच्या खोक्यांवर त्यांनी लिहिलेल्या तारखा आणि नावे असतील, तर त्या खोक्यांची छायाचित्रेही त्या त्या फोल्डरमध्ये टाका. बैठकांचा फोल्डर वेगळा करून त्यावर ‘केवळ कुटुंबासाठी’ असे स्पष्ट लिहा, म्हणजे पुढे मुलीने किंवा भावाने कोणाला प्रत देण्याआधी त्यांना ही अट दिसेल.